मी बर्फात नव्हते, मागच्या खोलीत होते

मला क्षयरोग झाला होता. सहा महिने गोळ्या घेतल्या. बरी झाले.

एवढंच आहे. पण हे सरळ सांगायला आमच्या घराला सात महिने लागले आणि त्या सात महिन्यांचा राग माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. आजाराबद्दलचा राग केव्हाच ओसरला. जंतूला काय कळतं? ज्यांना कळत होतं, त्यांच्याबद्दलचा राहिला आहे. तुमच्या हातात नुकताच तसला रिपोर्ट पडला असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

गाव

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि बडोद्यातल्या आमच्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक घरातून कोणीतरी परदेशी निघालं होतं. पणजोबा संस्थानात कारकून, आजोबा शिक्षणखात्यात, बाबा विद्यापीठाच्या परीक्षा विभागात, आई मराठी शाळेत शिक्षिका. अशा घरातली मुलगी हॉटेलचं काम शिकायला स्वित्झर्लंडला जाणार म्हटल्यावर आधी नाकं मुरडली गेली. व्हिसा आल्यावर त्याच लोकांनी पेढे मागितले.

शिक्षणाचा भाग म्हणून हिवाळाभर एका हॉटेलात काम करायचं होतं. मला मिळालेलं गाव दरीच्या अगदी वरच्या टोकाला होतं. एकच रस्ता, एक चर्च, बाकी सगळी हॉटेलं. जानेवारीत तिथे स्कीची मोठी शर्यत व्हायची. जगभरचे खेळाडू डोंगराच्या माथ्यावरून सुटायचे आणि दोन मिनिटांच्या आत गावात पोचायचे. त्या दोन मिनिटांसाठी गाव वर्षभर जगत होतं.

आमच्या हॉटेलात दोन देशांचे संघ उतरले होते. खेळाडू सकाळी सहालाच नाश्त्याला यायचे, उकडलेली अंडी मोजून घ्यायचे आणि एकमेकांशी अवाक्षर न बोलता खिडकीतून डोंगराकडे बघत बसायचे. उतारावर मदतीला आलेले सैनिक ओळीने उभे राहून पायातल्या स्कींनी बर्फ दाबायचे. मग त्यावर पाणी मारायचे, म्हणजे त्याची काच व्हायची. मऊ बर्फ शर्यतीला चालत नाही, हे मला तिथे कळलं. रात्रभर बर्फ पडला, की हॉटेलातले पर्यटक आनंदाने ओरडायचे आणि खेळाडूंची तोंडं उतरायची.

आम्ही कामगार तळघरात राहायचो. माझ्या खोलीत लुर्देस नावाची पोर्तुगालची बाई होती. चाळिशीची, खोल्या साफ करणारी, तीन मुलं गावाकडे ठेवून आलेली. आमच्या भिंतीपलीकडच्या खोलीत संघांचे तंत्रज्ञ वेग यावा म्हणून स्कींना मेण लावायचे. इस्त्रीने मेण वितळवून स्कीच्या तळाला फासायचं, खरवडायचं, पुन्हा फासायचं. दुपारपासून तो धूर आमच्या खोलीत भरलेला असायचा.

म्हणून डिसेंबरात मला खोकला सुरू झाला, तेव्हा सगळ्यांनी ते मेणावर टाकलं. मीसुद्धा.

रेसच्या आठवड्यात कोणी आजारी पडत नाही

गावच्या डॉक्टरांकडे मी तीनदा गेले. मी फार तक्रार केली नाही, असं नंतर मलाच सुनावलं गेलं, म्हणून आकडा सांगते. तीनदा. तिन्ही वेळा दवाखाना गुडघ्यांनी भरलेला होता. सुजलेले गुडघे, फाटलेले गुडघे, स्ट्रेचरवरचे गुडघे. डॉक्टर माझ्या पाठीला नळी लावून दोनदा श्वास घ्यायला सांगायचे आणि खोकल्याचं औषध द्यायचे. तिसऱ्यांदा मी सांगितलं, की रात्री घामाने उशी भिजते आणि युनिफॉर्मचा स्कर्ट कमरेवरून घसरतो. ते हसून म्हणाले, "घरची आठवण येते का?"

घरची आठवण येत होतीच. पण तिने स्कर्ट घसरत नाही.

हॉटेलच्या व्यवस्थापक फ्राऊ एगर शिस्तीच्या होत्या, वाईट नव्हत्या. मी दोन दिवस रजा मागितली, तर म्हणाल्या, "रेसच्या आठवड्यात या गावात कोणी आजारी पडत नाही."

शर्यतीच्या दिवशी मला शेवटच्या रेषेजवळच्या टपरीवर गरम सूप द्यायला उभं केलं. हजारो लोक होते, प्रत्येकाच्या हातात गाईच्या गळ्यात बांधतात तसली घंटा. प्रत्येक खेळाडू दिसला, की त्या सगळ्या एकदम वाजायच्या. धुक्यामुळे शर्यत दोनदा थांबली आणि लोक वाट बघत सूप पीत राहिले. चौथा की पाचवा खेळाडू खाली येत असताना मला ढास लागली. मी तोंडावर हातमोजा धरला. हात खाली आला, तेव्हा पांढऱ्या लोकरीवर रक्त होतं. एक चमचाभर असेल.

घंटा वाजत होत्या. मी हातमोजा उलटा करून खिशात घातला आणि आणखी अर्धा तास सूप वाढत राहिले. का, ते मला आजही सांगता येत नाही. कोणाला हाक मारावी एवढा माझा आजार मोठा आहे, हे पटायला मला अर्धा तास लागला. मग ज्यांना ते सूप दिलं त्यांचा विचार आला आणि मी पळी खाली ठेवली.

लुर्देसने खोलीत तो हातमोजा पाहिला. तिने आपला कोट माझ्या अंगावर घातला, बसमध्ये बसवलं आणि दरीतल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. तिचा त्या दिवसाचा पगार कापला गेला.

निदानाचा दिवस

देशात शिरताना सीमेवर माझ्या छातीचा एक्स-रे काढला होता. तो स्वच्छ होता. नवा स्वच्छ नव्हता. डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढरा धूसर डाग होता. डॉक्टरीण बाईंनी तोंडाला मास्क लावला, मलाही दिला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. खुर्ची जवळ ओढली, हे मी विसरणार नाही. नंतर पुष्कळांनी ती लांब सरकवली.

"औषध आहे," त्या म्हणाल्या. "सहा महिने. एकही दिवस चुकवायचं नाही. तू मरणार नाहीस."

मला वेगळ्या खोलीत ठेवलं. सकाळी गोळ्या, मग कफाचा नमुना, मग जेवण, मग काहीच नाही. लघवी केशरी झाली, तेव्हा मी घाबरून घंटी दाबली. नर्स म्हणाली, ते औषधाचं आहे, होतंच. तुम्हाला कोणी आधी सांगितलं नसेल, तर मी सांगते: केशरी होते, घाबरू नका.

खोलीला लांबलचक लाकडी गॅलरी होती. एवढी मोठी कशाला, असं मी नर्सला विचारलं. ती म्हणाली, "हे पूर्वी क्षयरोग्यांचंच इस्पितळ होतं. सगळ्या युरोपातून लोक यायचे. इथे उन्हात झोपून राहायचे. वरची ती हॉटेलं आहेत ना, त्यातली निम्मी तेव्हा त्यांच्यासाठीच बांधली."

चौथ्या दिवशी फ्राऊ एगर आल्या. दारातच उभ्या राहिल्या. माझं सामान दोन काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून खाली आणलं होतं, कचरा भरतात तसल्या पिशव्यांत. पाहुण्यांना सांगितलं आहे, की घरच्या कारणामुळे मुलगी परत गेली, असं त्या म्हणाल्या.

"आमच्या गावात हा आजार नसतो," त्या म्हणाल्या. "हा तू तुझ्याबरोबर आणलास."

आणला असेन. जंतू वर्षानुवर्षं शरीरात झोपून राहतो आणि शरीर थकलं, की उठतो, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या. कदाचित तो बडोद्याहूनच माझ्याबरोबर आला असेल. पण ज्या गावाच्या भिंती खोकणाऱ्यांसाठी उभ्या राहिल्या, त्या गावाने मला "नसतो" म्हणावं? भांडायला जर्मन पुरेसं येत नव्हतं. राग मात्र अस्सल मराठीत आला.

दोन आठवड्यांनी कफ तपासला. जंतू दिसले नाहीत. आता प्रवास चालेल, असं लिहून मिळालं. लुर्देस रविवारी भेटायला आली, तेव्हा तिने माझ्या आईच्या पत्रांचे सगळे कागद आणले होते. ते फ्राऊ एगरांनी जाळायला टाकले होते.

मागची खोली

बडोद्याच्या स्टेशनवर बाबा एकटेच आले होते. त्यांनी मला बघितलं आणि बॅग उचलली. रिक्षा सयाजीगंजातून निघाली, तेव्हा ते एवढंच बोलले, "आई सांगेल तसं कर. काही दिवस."

आईने दार उघडलं, मला छातीशी धरलं आणि रडली. मी तिच्यापासून तोंड वळवायला गेले, तर तिने ते वळवू दिलं नाही. हे मी आधी लिहून ठेवते, कारण पुढे तिच्याबद्दल जे लिहिणार आहे ते चांगलं नाही.

संध्याकाळी तिने मला समोर बसवलं. "नीताचं बघतोय," ती म्हणाली. नीता माझी धाकटी बहीण, माझ्याहून दीड वर्षाने लहान. "चांगलं स्थळ आहे. मुलगा इंजिनिअर, वाडीतलं मराठी घर, शांत माणसं. घरात टीबी आहे हे कळलं, तर उंबरासुद्धा ओलांडणार नाहीत. वैजू, तू अजून तिकडेच आहेस, असं मी सांगितलंय सगळ्यांना."

"म्हणजे?"

"म्हणजे तू अजून स्वित्झर्लंडला आहेस. तिचं ठरू दे, मग जगाला ओरडून सांग."

मी हो म्हटलं. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. वजन एक्केचाळीस किलो झालं होतं, जिना चढताना दोनदा बसावं लागायचं. भांडायला दम लागतो.

आमच्या वाडी भागातला सरकारी दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिथे सगळे ओळखीचे, म्हणून माझं नाव करजणला घातलं, आईच्या ओळखीच्या कुणाचा तरी पत्ता देऊन. आठवड्यातून तीन दिवस, पहाटे, तोंडाला ओढणी गुंडाळून एसटीने हायवेवरून करजणला जायचं, तिथे दवाखान्यातल्या बाईंसमोर गोळ्या गिळायच्या आणि परत यायचं. बस खड्ड्यात आदळली, की पोटातल्या गोळ्या घशाशी यायच्या. धडधाकट माणसाने आजारी माणसाला विश्रांती द्यावी, की शेजाऱ्यांच्या नजरेपासून वाचवायला तीस किलोमीटर हिंदकळवावं?

करजणच्या त्या बाई म्हणजे हंसाबेन. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं पटपट. "गळी गई? मोढुं खोल तो बेटा," म्हणजे गिळली का, तोंड उघड, म्हणून जिभेखाली बघायच्या. गोळ्या सात होत्या. मी पाचवीवर अडायचे. त्या घरून डब्यात गूळपापडीसारखी सुखडी आणायच्या आणि सातवी गिळली, की एक तुकडा हातावर ठेवायच्या. माझ्या हातावर, हाताला हात लावून. एकदा विचारलं, "बडोद्याहून इथे कशाला येतेस ग एवढ्या लांब?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तारी मा डरी गई छे," त्या म्हणाल्या. "पण भीती तिला, आणि बस तुला?"

घरी कोणी आलं, की मी मागच्या खोलीत. दार लावून घ्यायचं, पंखा मोठा करायचा, खोकला उशीत दाबायचा. आणि बाहेर आई माझ्या गोष्टी सांगायची.

त्या गोष्टी तिला मीच पुरवत होते. रात्री जेवताना ती विचारायची, "आता कसल्या शर्यती असतील तिकडे?" मी सांगायचे, की फेब्रुवारीत लहान मुलांच्या होतात, दाराच्या खांबांसारखे खांब रोवतात, त्यांच्यामधून वळत वळत यायचं. की माघात इथे हुरडा-पोंकची धमाल असते तसं तिथे लोक उघड्यावर चीज वितळवून बटाट्यावर घेतात. आई शिक्षिका, तिची स्मरणशक्ती दांडगी. दुसऱ्या दिवशी ते सगळं मावशीला, शेजारच्या बेनला, शाळेतल्या बाईंना सांगायची, माझं नाव घेऊन, माझ्या लकबीत. सुरुवातीला मला भिंतीआड बसून ऐकायला बरंही वाटायचं. ती तिकडची मुलगी माझ्याहून कितीतरी सुखात होती. तिला कोणी काळ्या पिशवीत भरलं नव्हतं.

गुटगुटीत

मार्चच्या शेवटी मुलाकडची मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील आणि आई सुलभाताई. मी दुपारपासून आत होते. फोडणीचा, केवड्याचा, नीताच्या पावडरचा वास दाराखालून येत होता.

सुलभाताईंनी विचारलं, "मोठी परदेशात असते ना? बर्फाच्या गावात?"

"हो, कालच फोन आला होता," आई म्हणाली. "अजून शर्यती चालू आहेत म्हणे. मालकीणबाई इतक्या प्रेमळ, मुलीसारखं बघतात. हवा एवढी चांगली, की अगदी गुटगुटीत झालीये."

मी माझ्या मनगटाकडे पाहिलं. आईच्या बांगड्या मला कोपरापर्यंत जात होत्या.

मालकीणबाई मुलीसारखं बघतात, हे मला सहन झालं नाही. तिकडे फ्राऊ एगरांनी खोटं सांगून मला गावातून पुसून टाकलं आणि इकडे आई तेच खोटं साखर घालून वाढत होती. दोन्हीकडे मी नव्हतेच. मी उठले, ओढणी नीट केली आणि दार उघडलं.

"नमस्कार," मी म्हणाले. "मी वैजयंती. मोठी. गेले सहा आठवडे मी याच घरात आहे. मला टीबी झालाय, औषध चालू आहे. कफ तपासलाय, माझ्यापासून आता कोणाला लागण होत नाही. नीताची तपासणी केली आहे, तिला काही नाही."

आईच्या हातात पोह्यांची बशी होती, ती तशीच राहिली. मुलाचे वडील वर छताकडे बघायला लागले. मुलाने मात्र माझ्याकडे नीट पाहिलं आणि "बसा ना," म्हणाला. त्याच्या आईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आम्हाला फसवलंत," सुलभाताई म्हणाल्या. "आजाराचं काही नाही हो. खोटं बोललात, ते वाईट."

"आणि खरं सांगितलं असतं, तर आला असतात?" मी विचारलं.

त्यांनी पर्स उचलली. जाताना त्यांनी पाण्याचे पेलेसुद्धा तोंडाला लावले नव्हते, हे मी पाहिलं. पोह्यांना हात लागला नव्हता. आजाराचं काही नाही म्हणे.

नंतर जे झालं, त्याची तयारी माझी नव्हती. मला वाटलं होतं, आई ओरडेल. ओरडली नीता.

"तुझ्या खरेपणाला माझाच दिवस मिळाला?" ती म्हणाली. "मला आवडला होता तो. तुला एकदा तरी विचारावंसं वाटलं मला?"

नाही विचारलं. तिलाही कोणी विचारलं नव्हतं, आईनेही नाही, मीही नाही. एवढ्या एका बाबतीत मी चुकले आणि ते मी मान्य करते. बाहेर आले ते चुकले नाही. तिला आधी सांगून यायला हवं होतं.

स्थळ मोडलं. दोन दिवसांत सगळ्या मराठी घरांना कळलं. भिशीतून आईचं नाव गळलं. शेजारच्या बेनने वाटी परत पाठवली ती रिकामी, आणि राखेने घासून. शाळेतल्या एका बाईंनी आईला विचारलं, आता मुलींच्या वर्गावर जाणार का. तीस वर्षं शिकवलेल्या बाईला!

घट्ट धर

लपवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा माझं नाव करजणहून वाडीच्या दवाखान्यात बदलून आणलं. हंसाबेननी निघताना सुखडीचा पूर्ण डबा दिला. पहिल्या दिवशी मी चालत निघाले, तर नीताने खाली स्कूटर काढली होती. बोलली नाही. मागे बस, असं मानेनेच सांगितलं. दवाखान्याबाहेर ती स्कूटरवर बसून राहिली, मी गोळ्या गिळून आले, तिने घरी सोडलं. एक शब्द नाही. असं आठवड्यातून तीनदा, सगळा एप्रिल, सगळा मे. बेचाळीस अंशांच्या उन्हात ती रुमाल बांधून बाहेर थांबायची, पण आत यायची नाही, बोलायची नाही.

जूनमध्ये एकदा मांडवीजवळ म्हैस आडवी आली. नीताने ब्रेक दाबला आणि म्हणाली, "घट्ट धर."

अडीच महिन्यांतले तिचे पहिले शब्द. मी तिच्या पाठीला कपाळ टेकवून रडले. तिला शर्टावर ओलं लागलं असणार. म्हणाली, "नाक पुसू नकोस."

जुलैच्या शेवटी औषध संपलं. कफ स्वच्छ, एक्स-रेत फक्त एक जुना व्रण. वजन पन्नास. डॉक्टरांनी कार्डावर "पूर्ण बरी" असं लिहिलं आणि मला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. मला आधी झोप आली. दोन दिवस झोपले.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. गोळी चुकवू नका. बरं वाटायला लागलं, की थांबवावीशी वाटेल, तेव्हा तर मुळीच नाही. आणि कोणी मागच्या खोलीत बस म्हणालं, तर बसू नका. मी सहा आठवडे बसले, ते मला गोळ्यांपेक्षा कडू गेले.

भाजी

आईने माझी कधी माफी मागितली नाही. मीही तिची मागितली नाही. श्रावणातल्या एका सकाळी आम्ही दोघी भाजी घ्यायला गेलो होतो. आईची एक जुनी मैत्रीण भेटली. ती वर्षभर मुलाकडे अमेरिकेला होती, तिला काहीच माहीत नव्हतं. तिने माझ्या गालाला हात लावला.

"अगंबाई, वैजू! स्वित्झर्लंडहून कधी आलीस? काय ग, मजा केलीस ना बर्फात?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आई बोलली. तिच्या एका हातात दुधी होता.

"फेब्रुवारीतच आली," आई म्हणाली. आवाज वर्गात असतो तसा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "टीबी झाला होता तिला. तिकडच्या लोकांनी हाकलली आणि इकडे मी लपवली."

मैत्रिणीचा हात माझ्या गालावरून खाली आला. ती अर्धं पाऊल मागे झाली. भाजीवालाही तराजू धरून थांबला.

आईने ते अर्धं पाऊल बघितलं. दुधी परत टोपल्यात ठेवला, माझा हात धरला, आणि तो धरूनच म्हणाली, "पूर्ण बरी झालीये. यायचं असेल तर ये घरी चहाला. नसेल यायचं, तर मागेच उभी राहा. आम्हाला पुढे जायचंय."